पाण्यावरची लाली

पुरुषमाणसं चुलीपाशी बसून कुणाची उणीदुणी काढत नाहीत. ती बाकावर बसून शिकारीच्या गोष्टी सांगतात. फरक एवढाच की आमच्या उण्यादुण्यात थोडं तरी खरं असतं. हे मला लग्नानंतर पिंगळीच्या स्टेशनावर कळलं.

आमचे हे तिथं पॉइंट्समन होते. गाडी यायच्या वेळी रूळ जोडायचे, हिरवी-लाल झेंडी दाखवायची, गाडी गेली की पुन्हा लिंबाखाली येऊन बसायचं. आम्हाला दीड खोलीचं क्वार्टर होतं. त्याला एकच खिडकी, आणि ती नेमकी प्लॅटफॉर्मवरच्या लिंबाकडे उघडायची. लिंबाखाली सिमेंटचा बाक. म्हणजे बाकावर बोललेलं प्रत्येक अक्षर माझ्या घरात यायचं, आणि त्याबद्दल मला दोष द्यायचा असेल तर खिडकी बांधणाऱ्या गवंड्याला द्यावा.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दुपारची पॅसेंजर गेली की संध्याकाळपर्यंत स्टेशन ओस पडायचं. खडीवरून उन्हाच्या झळा उठायच्या, तारा गुणगुणायच्या, कुत्री नळाच्या ओल्या जागेत पोट टेकून पडायची. मी शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून ओल्या पदराची घडी डोळ्यांवर घ्यायची आणि पडायची. झोप धड लागायची नाही, जाग धड राहायची नाही. बाहेर कुणीतरी बिबट्याची गोष्ट सांगत असायचं आणि तो बिबट्या खिडकीतून आत यायचा, माझ्या माठातलं पाणी प्यायचा, मिशा पुसायचा आणि मला काही न करता निघून जायचा. कितीदा तरी उठल्यावर मी खरंच माठाचं झाकण बघितलं आहे.

तो बिबट्या स्टेशनमास्तरांचा. मास्तर लांबून बदलून आलेले, मराठी बोलताना लिंगांचा घोळ करायचे. तिकडं जंगलातल्या एका स्टेशनात ते असताना बिबट्या येऊन प्लॅटफॉर्मवर बसला, आणि मास्तरांनी खोलीचं दार आतून लावून पुढच्या स्टेशनाला निरोप धाडला की गाडी सोडू नका, प्लॅटफॉर्मवर प्रवासी चढण्याच्या अवस्थेत नाहीत. “बिबट्या दोन तास बसली,” ते सांगायचे, “मग उठली आणि तिकीट न काढता गेली.”

दुसरे पाटील. गावात त्यांची चांगली बागायत होती आणि घरात बारा बोअरची बंदूक. शिकारबंदीचा कायदा आल्यापासून बंदूक खुंटीला आणि पाटील बाकावर. त्यांच्या गोष्टीत एकच रानडुक्कर होतं, पण ते दर आठवड्याला वाढायचं. चैत्रात ते गुडघ्याएवढं होतं. वैशाख संपेतो कमरेला आलं. सुळे आधी वीतभर, मग हातभर झाले. मी एकदा मनात म्हटलं, पाटील, आता थांबा, नाहीतर त्या डुकराला स्टेशनात आणायला मालगाडी लागेल.

तिसरे शाळेचे गुरुजी. मूळचे राणीसावरगावच्या बाजूचे, बौद्ध घरातले, हळू बोलणारे. त्यांचे वडील लहानपणी जहागीरदाराच्या शिकारीत हाका घालायला जायचे. हाका म्हणजे डबे बडवत, ओरडत जनावर रानातून बाहेर काढायचं, आणि बंदूकवाला पुढं झाडावर आरामात बसलेला. गुरुजी सांगायचे, “शिकार झाली की साऱ्यायला वाटे. हाकेवाल्यायला काय, तर कान. आमच्या बापानं आयुष्यात डुकराचं तोंड पायलं न्हाई, कान मात्र लय खाल्ले.” यावर पाटील तंबाखूची पिशवी आधी गुरुजींपुढं करायचे.

आणि चौथे आमचे हे.

ह्यांच्याकडं गोष्टच नव्हती. पण आमची जात भोयाची. नदी, होडी, जाळं, मासा हे भोयाच्या पोराला आईच्या दुधातून मिळतं, असं साऱ्या जगाला वाटतं. म्हणून एके दिवशी बाकावर मासे धरायला जायचा बेत निघाला तेव्हा पाटील ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “गळ कुठं टाकायचा, कवा टाकायचा, ते आमाला काय कळतंय? आपल्यात भोयाचा वाघ हाय की!”

वाघाला पोहताही येत नव्हतं. ह्यांचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये फावडं मारायचे. ह्यांचा जन्म क्वार्टरमधला, बालपण रुळांवर. नदी ह्यांनी पाहिली ती पुलावरून, गाडीच्या दारात उभं राहून. मी खिडकीआड हसू दाबून वाट बघत होते, आता हे काय सांगतात. मला वाटलं, खरं सांगतील. लाजतील, हसतील आणि सांगतील.

हे खाकरले आणि म्हणाले, “एकदा काय झालं, दुष्काळाचं साल. डोहात पाणी उरलं मांडीएवढं. म्या काठाला बसलो व्हतो. पाण्यावर लाली आली. सांजची लाली पाण्यावर उतरली, तसा म्या गळ फेकला. आणि गळ पाण्याला टेकायच्या आत मरळीनं झडप घातली, की हात खांद्यातून निघायचा राह्यला!”

माझं हसू जिथल्या तिथं राहिलं. ती गोष्ट माझ्या बापाची होती.

लग्न झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, एका रविवारच्या दुपारी ज्वारी निवडता निवडता मी ती ह्यांना सांगायला घेतली होती. बा गेल्याला तेव्हा तीन महिने झाले होते. मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगत होते, आणि अर्ध्यात आले तेव्हा हे भिंतीला टेकून घोरत होते. मी पुढचं सांगितलंच नाही. ज्वारीतले खडे वेचत राहिले. आता तीच अर्धी गोष्ट ह्यांच्या तोंडून, ह्यांच्या नावानं, बाकावर फिरत होती. मरळ बाच्या हातची, झडप बाच्या गळावरची, आणि “वा रे पठ्ठ्या” मात्र ह्यांना.

आणि त्यातली लाली! आमच्या नदीकाठी मरळीची पिलं पाण्यावर घोळक्यानं फिरतात, तांबडी-लाल, राईएवढी, शेकड्यानं. लांबून कुणी कुंकू सांडल्यासारखं दिसतं. त्याला आमच्या घरात लाली म्हणायचे. लाली म्हणजे पिलं. खाली त्यांची आई राखण करत असते, आणि पिलांजवळ जे येईल त्याच्यावर ती झेप घेते, मग तो बेडूक असो की गळ. म्हणून तर ती सहज सापडते. आणि म्हणूनच आमच्याकडं नियम होता: लाली दिसली की गळ गुंडाळायचा. ह्यांनी लाली म्हणजे सांज समजली होती. अर्ध्या झोपेत ऐकल्यावर दुसरं काय होणार?

संध्याकाळी भाकरी वाढताना मी म्हणाले, “मरळ लय मोठी व्हती म्हणं.”

ह्यांना ठसका लागला. पाणी प्यायले. मग खाली मान घालून म्हणाले, “ते म्हणले भोयाचा वाघ. म्या काय सांगायचं? माझ्या बापानं मला रूळ दावले, नदी कवाच दावली न्हाई.”

एरवी मला दया आली असती. पण त्या दिवशी आली नाही. मी गप्प राहिले. गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही, त्यामुळं हे जास्त घाबरले.

“लाली म्हंजी सांजच ना?” हात धुताना ह्यांनी हळूच विचारलं.

“हं,” मी म्हणाले.

तो माझा खुनशीपणा. मला वाटलं, जा डोहावर, बसा सांजेची वाट बघत, आणि चौघांत नाक कापून घ्या. चोरीचं लुगडं अंगाला पुरत नाही, हे कळू दे एकदा. मला काय हवं होतं ते मला स्वच्छ ठाऊक होतं. बाची गोष्ट मला परत हवी होती, आणि ती ह्यांनीच परत द्यायला हवी होती, ज्यांच्यासमोर उचलली त्यांच्यासमोर.

त्यानंतर बेत असा काही फुगत गेला की विचारू नका. आता सगळं लालीभोवती फिरायला लागलं. पाटील म्हणायचे, “लाली गाठायची तर पाच वाजता डोहावर पायजे.” मास्तर वेळापत्रक काढून बसायचे, कोणत्या गाडीनं पूर्णेला उतरलं की चालत डोहाला पोचायला किती वेळ, आणि लाली किती मिनिटं राहते. “लाली लेट तर नाही होणार?” असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. हे म्हणाले, “न्हाई, टायमावर असती.” मी आत पिठात तोंड लपवून हसले.

मृगात जाऊ म्हणाले, तेव्हा पाटलांची पेरणी. आषाढात जाऊ म्हणाले, तेव्हा गुरुजींची शाळा. श्रावणात मास्तरांच्या जागी बदली माणूस मिळेना, आणि पाटील श्रावण पाळायचे. “पोळा होऊ द्या,” ठरलं शेवटी. तोवर दर दुपारी बाकावर मासे धरून झाले, तळून झाले, काटे काढून झाले. गळाची चर्चा इतकी झाली की मला माझ्या अर्धवट झोपेत लिंबाच्या फांद्यांवरून दोऱ्या लोंबताना दिसायच्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला मरळी वाऱ्यावर हलायच्या, पानांसारख्या. एकदा त्यांच्यात बासुद्धा बसलेला दिसला, फांदीवर, पाय सोडून. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी जागी झाले तेव्हा बाहेर पाटलांचं डुक्कर गळ्यापर्यंत वाढलं होतं.

मग कुणीतरी विचारलं, मासे साफ कोण करणार, कालवण कोण करणार? मास्तर म्हणाले, “वहिनीला घ्या ना.” हे घाईघाईनं म्हणाले, “तिला कुठं जमतंय, ऊन लय असतंय, ती...”

“मी येते,” मी खिडकीतून म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्या खिडकीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. चौघेही उभे राहिले. पाटलांनी तर डोक्यावरची टोपी सारखी केली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हिशेब दिसत होता: बाईनं आजवर किती ऐकलं?

पोळ्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. पाटलांनी बंदूक घेतली होती, काडतुसाशिवाय. “शोभेला,” म्हणाले. गुरुजींकडं गांडुळांचा डबा, मास्तरांकडं छत्री आणि घड्याळ, माझ्याकडं भाकरी, ठेचा, तेलाची बाटली आणि कढई. ह्यांच्याकडं तीन काठ्या, दोऱ्या आणि गळ, आणि चेहरा असा की जणू फासावर चाललेत. गाडीत ते माझ्याकडं बघत नव्हते. पूर्णेला उतरून आम्ही नदीच्या अंगानं चालायला लागलो. भादव्याचं ऊन पाठीवर होतं. ज्वारी कमरेएवढी झालेली, बांधावरचं गवत आमच्या पायांना ओलं लागत होतं. वाटेत पाटील म्हणाले, “मी आपली भाकरी घरून आणली हाय, वहिनीला तरास नको.” गुरुजींनी दुसरीकडं पाहिलं. तेवढ्यात मास्तर म्हणाले, “पाटीलसाब, कढई एक, आपण पाच, आता घर दूर.” पाटील हसले. पण तो विषय त्या वेळी तिथंच लोंबकळत राहिला.

नदीचा वास आधी आला, नदी नंतर दिसली. गाळाचा, लव्हाळ्याचा, उन्हात तापलेल्या शेवाळाचा तो वास. बा गेल्यापासून मी नदीवर गेले नव्हते. माझे पाय आपसूक हळू झाले. पुराचं पाणी ओसरताना कडेला एक मोठा डोह मागं राहिला होता, शांत, मुरलेल्या चहाच्या रंगाचा. त्याच्यावर चतुर उडत होते. पलीकडं दोन बगळे उभे होते, आम्ही आलो तरी हलले नाहीत. बाकावरच्या गप्पा ऐकत इतक्या दुपारी मी स्वप्नात जो डोह बघत आले तो असाच होता. त्यामुळं आपण खरंच आलो आहोत की अजून फरशीवर पडलो आहोत, हे मला क्षणभर कळेना.

गळ टाकले. दोन तास काहीही झालं नाही. गांडुळं मात्र संपत आली. मासे ती शिताफीनं सोडवून खात होते. गुरुजींना एक बोटभर मासा मिळाला, त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मासा त्यांच्याकडं बघत होता, त्यांनी सोडून दिला. पाटलांनी डुकराची गोष्ट सुरू केली, पण मोकळ्या रानात ते डुक्कर काही वाढेना. घरच्या बाकावर सगळं जमतं. मास्तर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत म्हणायचे, “लालीला अजून पाऊण तास.”

हे पाण्याकडं बघत बसले होते. कपाळावर घाम. मला त्यांची कीव यायला लागली होती, आणि कीव आली म्हणून मी स्वतःवरच चिडत होते.

तेवढ्यात मला ती दिसली.

आमच्यापासून सात-आठ हात लांब, लव्हाळ्याच्या कडेला, पाण्यावर तांबूस डाग. तो हलला. पसरला, आखडला, पुन्हा पसरला. सांजेला अजून वेळ होता, आभाळ निळं होतं, आणि पाण्यावर लाली होती. बोलले असते तर ह्यांचं सोंग तिथंच फुटलं असतं. नाही बोलले तर...

“आरं, ते लाल काय हाय?” पाटील उठले. हात कपाळावर धरून पाहिलं, आणि ओरडलेच, “मरळीची पिलं हायत! आई खाली असणार. गळ टाका, गळ टाका, ती सोडत नसती!”

मास्तर छत्रीसकट उभे राहिले. गुरुजी पुढं सरकले. पाटील ह्यांच्या हातात काठी कोंबत म्हणाले, “तुमी टाका. त्या मरळीसारखी हीबी खांदा उपटून काढंल बघा!”

ह्यांनी काठी घेतली. पाण्यावरच्या त्या तांबड्या डागाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर एखादा शब्द समजताना पाहिला असेल तर तो त्या दिवशी.

“लाली,” हे पुटपुटले.

गळ टाकला असता तर मासा नक्की लागला असता. तिथं कौशल्य लागतच नाही. लहान पोरानं टाकला तरी लागतो. भोयाचा वाघ खरा ठरला असता. बाकावर आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट, आणि या वेळी स्वतःची. मला तेव्हा वाटलं, टाकतील. कोण टाकणार नाही? माझ्या हातातली कढई मी इतकी घट्ट धरली होती की कडा बोटांत रुतली.

ह्यांनी काठी वर नेली. दोरी लोंबत राहिली. खूप वेळ. मग काठी हळूच खाली, गवतावर ठेवली.

“मला न्हाई जमणार,” हे म्हणाले.

“कामून? एवढी जवळ हाय!” पाटील.

“मला मासे धरता येत न्हाईत, पाटील. म्या आजवर बेडूकबी धरला न्हाई. ती गोष्ट माझी न्हाई. हिच्या वडलाची हाय. म्या उचलली.”

एवढं बोलून हे खाली बसले, आणि कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं, आता हसतील सगळे. मास्तर हसायच्या बेतात होतेही. पण गुरुजी माझ्याकडं वळले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, “मग वहिनी, पुढं काय झालं? ह्यायनी मरळ लागली तिथंच गोष्ट सोडली होती नेहमी. मला दर वेळी वाटायचं, पुढं काहीतरी राहिलंय.”

तिघंही माझ्याकडं बघत होते. हेही. मी कढई खाली ठेवली आणि सांगितलं. तोपर्यंत जगात कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला होता. ताप उतरला तेव्हा अंगावर हाडंच राहिली होती. डॉक्टर म्हणाले, पोरीला ताकदीचं काही द्या, नाहीतर हातची जाईल. घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सरकारी वाटपाची सुकडी, दुसरं काही नाही. आई लहानपणीच गेलेली. बा डोहावर गेला. पाणी मांडीएवढं. चार दिवस गळाला काही लागलं नाही. पाचव्या दिवशी लाली दिसली, आणि ज्या माणसानं साऱ्या गावातल्या पोरांना लाली दिसली की गळ गुंडाळायला शिकवलं, त्यानं गळ फेकला. मरळीनं झडप घातली. ती त्यानं घरी आणली, कालवण केलं, मला भरवलं. मी चाटूनपुसून खाल्लं आणि अजून मागितलं. मला काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बा उठून गेला तो दिवेलागणीला आला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी चालायला लागल्यावर त्याच्या मागं गेले. बा डोहात उभा होता, डोक्याला ओला पंचा, एका हातात ढेकळांची झोळी. पिलं त्याच्या पायांभोवती फिरत होती. वरून घारी यायच्या, काठावर बगळे यायचे, आणि बा ढेकळं फेकून त्यांना हाकलायचा. आई मारली होती, म्हणून आईचं काम अंगावर घेतलं होतं. गाव म्हणालं, भोयाला ऊन लागलं. पाणी आटत गेलं, पिलं कमी होत गेली. शेवटी सात उरली. ती त्यानं घागरीत घातली आणि गावात ज्या एका विहिरीला पाणी होतं तिच्यात सोडली. त्यानंतर बानं गळाला हात लावला नाही.

“मी एकटीच लेक त्याला,” मी म्हणाले. “पण कुणी इचारलं, लेकरं किती, तर मरंतोवर आठ सांगायचा.”

पाण्यावर लाली अजून तिथंच होती, आखडत, पसरत. पलीकडच्या दोन बगळ्यांपैकी एक उडाला आणि आमच्या बाजूला, लव्हाळ्यापाशी येऊन उतरला. मान लांब करून तो पाण्याकडं बघायला लागला.

पहिलं ढेकूळ पाटलांनी फेकलं. ते कुठल्या कुठं गेलं. बगळा दोन पावलं सरकला. मग मास्तरांनी छत्री उघडून “हट हट” केलं, गुरुजींनी डबा बडवायला घेतला, अगदी हाका घातल्यासारखा, आणि पाटील आपली रिकामी बंदूक रोखून ओरडले. बगळा गेला, तर दुसरा आला. असं सूर्य बुडेपर्यंत चाललं. मासे धरायला आलेली चार मोठी माणसं मरळीच्या पिलांची राखण करत होती, आणि खाली खरी आई होती तिला या अडाणी मदतीचं काय वाटलं असेल देव जाणे. परतीची गाडी चुकली. माझ्या एकाच फडक्यातल्या भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या. पाटलांची भाकरी गुरुजींनी खाल्ली आणि गुरुजींच्या वाट्याची पाटलांनी.

पण ते नंतर. त्याआधी, बगळा दुसऱ्यांदा उतरला तेव्हा, हे उठून माझ्यापाशी आले होते. हातात ढेकूळ. म्हणाले, “तुझे वडील कसं फेकायचे? माझं पाण्यातच पडायलंय. पिलाला लागंल.”

“वरून फेकायचं,” मी म्हणाले. “बगळ्याच्या मागं पडलं पायजे.”

त्यांना कळेना. मग मी उठले, चार माणसांदेखत नवऱ्याचं मनगट धरलं, आणि बा फेकायचा तसा हात मागं नेऊन दाखवला.